सर्दीची पूड आणि जर्मेनियमचा स्फटिक

१९५० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेतील गॉर्डन टील आणि जॉन लिटल या दोघांनी जर्मेनियमचे मोठे, अखंड स्फटिक कसे वाढवायचे याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पोलंडमधल्या क्त्सिन्या नावाच्या लहानशा गावात पासष्टीला आलेले एक गृहस्थ सर्दीवरची पूड, बुटांचे पॉलिश, केस कुरळे करण्याचे द्रावण असल्या वस्तू बनवून विकत होते. सर्दीच्या पुडीवर कबुतराचे चित्र असे आणि लोक ती त्याच खुणेने ओळखत. टील आणि लिटल यांच्या निबंधातली पद्धत मुळात या गृहस्थांची होती. त्यांनी ती चौतीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये शोधली होती, आणि तीसुद्धा वेगळ्याच कामासाठी.

त्यांचे नाव यान चोख्राल्स्की. संगणकातली चिप, अणुभट्टीच्या परिसरातील माती तपासणारा डिटेक्टर किंवा कर्करुग्णाच्या शरीरातला रोग दाखवणारे पेट स्कॅनचे यंत्र, यांतले स्फटिक बहुतांशी ‘चोख्राल्स्की पद्धती’ने वाढवलेले असतात. अर्धवाहकांच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव पानापानावर येते. ज्या देशासाठी ते परत आले, त्या देशात मात्र कित्येक दशके ते उच्चारणेही गैरसोयीचे होते.

चोख्राल्स्की यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८५ रोजी क्त्सिन्यातच झाला. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि क्त्सिन्या प्रशियाच्या वाट्याला आले होते. वडील सुतार होते. घर मुलाबाळांनी भरलेले, यान हे आठवे अपत्य. मुलाने शिक्षक व्हावे म्हणून त्यांना गावातल्याच अध्यापक विद्यालयात घालण्यात आले. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मिळालेले गुण त्यांना इतके अन्यायकारक वाटले, की त्यांनी प्रमाणपत्र तिथल्या तिथे फाडून टाकले, असे सांगतात. त्या एका कृतीने विद्यापीठाचा सरळ रस्ता बंद झाला. नाव कमावल्याशिवाय घरी परतणार नाही, असे आईवडिलांना सांगून ते बाहेर पडले. अशा प्रतिज्ञा पुष्कळ मुले करतात. यांनी ती बरीचशी पाळली.

आधी क्रोतोशिन गावातल्या औषधांच्या दुकानात नोकरी, तिथेच रसायनशास्त्राची पुस्तके वाचणे आणि जमतील ते प्रयोग करणे. १९०४ मध्ये ते बर्लिनला गेले. तिथेही सुरुवात औषधाच्या दुकानापासूनच झाली. मग एका रासायनिक कंपनीची प्रयोगशाळा आणि १९०७ मध्ये ‘एईजी’ ही विजेच्या सामानाची बलाढ्य कंपनी. दिवसा काम करायचे आणि जमेल तेव्हा शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातील व्याख्यानांना बसायचे, असा त्यांचा क्रम होता. १९१० मध्ये त्यांनी मार्गेरिट हासे या पियानोवादक तरुणीशी लग्न केले. पुढे त्यांना तीन मुले झाली.

विजेच्या कंपनीला धातूंच्या अभ्यासकाची गरज का भासावी, असे वाटेल. तारा तांब्याच्या असत आणि तांबे महाग होते. त्या जागी अॅल्युमिनियम आणायचे, तर ते ओतायचे कसे, त्याची तार ओढायची कशी, ती ठिसूळ का होते, हे कळायला हवे होते. चोख्राल्स्की या कामात मुरले आणि कंपनीच्या धातू प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. धातू घट्ट होताना त्याच्या आत काय घडते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांचा कायमचा सोबती झाला.

तूप थिजताना रवाळ होते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. पातळ तूप निवू लागले की एकाच वेळी असंख्य ठिकाणी त्याचे बारीक कण धरू लागतात आणि शेवटी सगळे कण एकमेकांना भिडून थिजलेला गोळा तयार होतो. वितळलेला धातूही असाच थिजतो. प्रत्येक कण हा एक स्फटिक असतो. त्याच्या आत अणू कवायतीतल्या रांगांसारखे शिस्तीत उभे असतात, पण शेजारच्या कणातल्या रांगांची दिशा वेगळी असते. दोन कण जिथे भेटतात, तिथे शिस्त मोडते. धातूचे बरेचसे गुणदोष या सीमांवर ठरतात. म्हणून स्फटिक किती वेगाने वाढतो, हे मोजणे महत्त्वाचे होते. अडचण अशी, की भांड्यातल्या अपारदर्शक धातूच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही.

१९१६ मधली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. चोख्राल्स्की टेबलाशी बसून प्रयोगाच्या नोंदी लिहीत होते. शेजारी वितळलेल्या कथलाची मूस निवत ठेवली होती. विचारांच्या तंद्रीत त्यांनी टाक दौतीऐवजी मुशीत बुडवला आणि झटकन वर उचलला. निबाच्या टोकाला कथलाची एक बारीक तार लोंबत होती. ही कथा कितपत अक्षरशः घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवावे, कारण शास्त्रीय निबंधात अशा गोष्टींना जागा नसते. पण पुढचे निश्चित आहे. ती तार त्यांनी पुसून टाकली नाही, तपासली. तेव्हा दिसले की तिच्यात कणांची खिचडी नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एकच स्फटिक आहे.

त्यावरून त्यांनी साधेसे उपकरण बनवले. खाली मूस, मुशीत वितळलेला धातू, वर घड्याळाच्या यंत्रणेने सावकाश गुंडाळला जाणारा दोरा आणि त्याच्या टोकाला धातू पकडणारी बारीक नळी. नळी धातूला टेकवायची आणि दोरा वर ओढायचा. हवेत आलेला धातू थिजतो, त्याला खालचा वितळलेला धातू चिकटतो, तोही वर येऊन थिजतो. खडीसाखरेच्या कारखान्यात पाकात सोडलेल्या दोऱ्यावर साखर जशी धरत जाते, त्याच जातीचा हा खेळ आहे. फरक इतकाच, की इथे दोरा स्थिर राहत नाही, तो ओढला जातो. स्फटिक जितक्या वेगाने वाढू शकतो त्याहून जोरात ओढला, की तार तुटते. म्हणजे तार तुटण्याच्या अलीकडचा वेग हाच त्या धातूच्या स्फटिकवाढीचा वेग. त्यांच्या मोजणीत कथलाचा वेग मिनिटाला ९० मिलिमीटर, जस्ताचा १०० आणि शिशाचा १४० मिलिमीटर आला. ओढलेल्या तारा सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या आणि १५ सेंटिमीटरपर्यंत लांबीच्या होत्या.

ऑगस्ट १९१६ मध्ये त्यांनी हा निबंध पाठवला आणि महायुद्धाच्या धामधुमीत तो १९१८ मध्ये छापून आला. शीर्षक होते धातूंचा स्फटिकीकरणाचा वेग मोजण्याच्या नव्या पद्धतीविषयी. म्हणजे स्फटिक तयार करणे हा हेतू नव्हताच. स्फटिक हा मोजमापाचा उपपदार्थ होता. पुढच्या काही वर्षांत इतर अभ्यासकांनी नळीच्या जागी स्फटिकाचाच छोटा तुकडा बीज म्हणून लावला, वाढत्या स्फटिकाची जाडी कशी ताब्यात ठेवायची हे शोधले आणि धातूंच्या अभ्यासासाठी असे स्फटिक वापरले. मग विषय मागे पडला. खुद्द चोख्राल्स्की यांचेही लक्ष दुसरीकडे वळले होते.

१९१७ मध्ये ते फ्रँकफुर्टला एका मोठ्या धातू कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या हयातीत त्यांना कीर्ती आणि पैसा मिळाला तो इथल्या कामामुळे, स्फटिकांमुळे नव्हे. रेल्वेच्या चाकांच्या बेअरिंगसाठी कथील लागे आणि जर्मनीला कथील मिळणे दुरापास्त झाले होते. चोख्राल्स्की यांनी शिशात कॅल्शियम, सोडियम आणि लिथियम अगदी थोड्या प्रमाणात मिसळून कथलाशिवाय चालणारा मिश्रधातू तयार केला. त्याला ‘बी धातू’ म्हणत. हे बी जर्मन भाषेतील रेल्वेच्या नावावरून आले होते. १९२४ मध्ये त्याचे पेटंट झाले आणि अनेक देशांच्या रेल्वेने तो उचलला. जर्मन धातुशास्त्रज्ञांची जी संघटना स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता, तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. प्रमाणपत्र फाडलेल्या सुताराच्या मुलासाठी ही झेप लहान नव्हती. हेन्री फोर्ड यांनी त्यांना अमेरिकेत बोलावून कारखान्यातले मोठे पद देऊ केले, ते त्यांनी नाकारले.

पोलंडचे बोलावणे मात्र त्यांनी नाकारले नाही. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला होता आणि त्याचे अध्यक्ष इग्नात्सी मोश्चित्स्की हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या निमंत्रणावरून चोख्राल्स्की १९२८ मध्ये जर्मनीतले सगळे सोडून वॉर्सॉला आले. १९२९ मध्ये वॉर्सॉ तंत्र विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि पुढच्या वर्षी प्राध्यापक केले. त्यांच्या घरी दर गुरुवारी लेखक, कलावंत, शास्त्रज्ञ जमत. शोपँचे जन्मस्थान असलेल्या झेलाझोवा वोलाच्या वास्तूची डागडुजी, बिस्कुपिनच्या प्राचीन वस्तीचे उत्खनन, गरीब विद्यार्थी अशा अनेक कारणांसाठी त्यांनी पैसा दिला. ते स्वतःही कविता लिहीत.

असा माणूस सगळ्यांनाच आवडतो असे नाही. वॉर्सॉतलेच दुसरे धातुशास्त्रज्ञ विटोल्ड ब्रोनिएव्हस्की यांनी जाहीर आरोप केला, की ‘बी धातू’ निकृष्ट आहे, तो पोलिश रेल्वेच्या गळ्यात मारून देशाचे नुकसान केले गेले आहे आणि चोख्राल्स्की यांची देशनिष्ठाही संशयास्पद आहे. प्रकरण न्यायालयात गेले आणि चोख्राल्स्की जिंकले. पण खटला जिंकला म्हणून चिखल धुतला जातोच असे नाही. जर्मनीतून आलेला, जर्मन पैशावर श्रीमंत झालेला, परदेशी बायकोचा हा माणूस नक्की कोणाचा, ही कुजबुज मागे राहिली. ती पुढे त्यांना फार महाग पडली.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. विद्यापीठे बंद झाली. त्या डिसेंबरात चोख्राल्स्की यांनी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून जर्मन अधिकाऱ्यांची परवानगी मिळवली आणि आपल्या संस्थेच्या जागी धातूंची चाचणी व दुरुस्ती करणारा विभाग सुरू केला. हा विभाग जर्मन लष्कराची कामे करीत असे, हे खरे आहे. तिथे नोकरीचा कागद असलेल्या माणसाला रस्त्यावरून पकडून वेठबिगारीला नेले जाण्याची भीती कमी असे, हेही खरे आहे. त्याच कार्यशाळेत पोलंडच्या भूमिगत सेनेसाठी हातबाँबचे ओतीव भाग गुपचूप तयार होत. आपल्या ओळखी वापरून चोख्राल्स्की यांनी काहींना तुरुंग आणि छळछावण्यांतून सोडवले. १९४४ चा उठाव चिरडून जर्मनांनी वॉर्सॉ बेचिराख केले, तेव्हा परवाने मिळवून त्यांनी उद्ध्वस्त शहरातून विद्यापीठाचे शिल्लक सामान बाहेर काढले.

परक्या सत्तेखाली दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी युद्धानंतर कागद राहत नाहीत. जे उघड केले ते सगळ्यांनी पाहिलेले असते आणि जे लपवून केले त्याचे साक्षीदार मेलेले, परागंदा किंवा गप्प असतात. त्यातच पोलंडमध्ये आता सोव्हिएत धार्जिणी राजवट होती. भूमिगत सेनेशी संबंध होता असे सांगणे म्हणजे सुटकेऐवजी नवा गुन्हा कबूल करणे. एप्रिल १९४५ मध्ये शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून चोख्राल्स्की यांना अटक झाली. चौकशीत पुरावा मिळाला नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांना सोडण्यात आले. सरकारी वकिलांनी फाइल बंद केली, पण विद्यापीठाने दार उघडले नाही. डिसेंबर १९४५ मध्ये वॉर्सॉ तंत्र विद्यापीठाच्या सिनेटने ठरवले, की डिसेंबर १९३९ पासूनच ते या विद्यापीठाचे प्राध्यापक राहिलेले नाहीत. ज्या विद्यापीठासाठी ते फ्रँकफुर्ट सोडून आले होते, त्याचाच हा ठराव होता.

ते क्त्सिन्याला परतले. ‘बिऑन’ नावाचा छोटा कारखाना काढला आणि आयुष्याची सुरुवात जिथून केली त्या औषधाच्या दुकानाच्या जगात पुन्हा गेले. मांस टिकवण्याचे मीठ, पॉलिश, सौंदर्यप्रसाधने आणि ती कबुतराची पूड. एप्रिल १९५३ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्या धक्क्याने त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २२ एप्रिल १९५३ रोजी पोझनानच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. क्त्सिन्याच्या दफनभूमीत त्यांना पुरले, पण थडग्यावर नाव नव्हते.

या काळात अमेरिकेत काय चालले होते, ते आता पाहू. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, तो अनेक कणांच्या जर्मेनियमच्या तुकड्यावर. गॉर्डन टील यांचे म्हणणे होते, की जर्मेनियम एकस्फटिक असल्याशिवाय हे यंत्र भरवशाचे होणार नाही. वरिष्ठांना तो वेळेचा अपव्यय वाटला. तेव्हा टील आणि लिटल यांनी १९४८ मध्ये चोख्राल्स्की यांची जुनी कल्पना उचलून स्फटिक ओढण्याचे यंत्र जोडले. जागा मिळत नव्हती म्हणून ते चाकांवर बसवले. रात्री ते बाहेर काढायचे, पहाट झाली की पुन्हा कपाटात ढकलायचे. मुशीत ९३८ अंश सेल्सियसला वितळलेले जर्मेनियम, त्यावर टेकवलेला बीज-स्फटिक आणि हळूहळू वर ओढणारा दांडा. काही काळातच टील बरोबर होते हे सगळ्यांना मान्य करावे लागले. मग हीच पद्धत सिलिकॉनला लागू झाली. आज सिलिकॉनचे ३० सेंटिमीटर व्यासाचे, माणसाहून उंच आणि शेकडो किलो वजनाचे स्फटिक अशाच मुशीतून वर येतात.

ट्रान्झिस्टरची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. डिटेक्टरची फारशी कोणी सांगत नाही. १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेतच केनेथ मॅके यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर अल्फा कण आदळले, की विजेचा बारीकसा ठोका उमटतो हे दाखवले. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. किरणोत्सर्गाचा कण किंवा गॅमा किरण अर्धवाहकात शिरला, की तो अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतो. दोन बाजूंना विजेचा दाब लावलेला असला, की हे इलेक्ट्रॉन एकीकडे आणि त्यांच्या रिकाम्या जागा दुसरीकडे धावतात. त्यांची गोळाबेरीज केली, की आलेल्या किरणाची ऊर्जा कळते. सीझियम-१३७ च्या गॅमा किरणाची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि तो जर्मेनियममध्ये पूर्ण विझला, तर सुमारे सव्वादोन लाख इलेक्ट्रॉन सुटे होतात. यातले दोनचार हजार वाटेत हरवले, तरी उत्तर चुकते.

आणि ते हरवतात कुठे? स्फटिककणांच्या सीमांवर आणि परक्या अणूंपाशी. गॅमा किरण अडवायला काही सेंटिमीटर जाडीचा तुकडा लागतो. इलेक्ट्रॉनला एवढा प्रवास न अडखळता करायचा, तर संपूर्ण तुकडा एकच स्फटिक हवा आणि तो विलक्षण शुद्धही हवा. आधी यावर एक तोड निघाली. जर्मेनियममधल्या अशुद्धीचा परिणाम पुसून टाकण्यासाठी त्यात लिथियम मुरवायचे. १९६० च्या दशकात असे डिटेक्टर वापरात आले. ते उत्तम चालत, पण त्यांना कायम द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीत ठेवावे लागे. एकदा गरम झाले की लिथियम जागचे हलून सगळी मेहनत वाया जाई. शेवटी १९७० च्या सुमारास रॉबर्ट हॉल, विल्यम हॅनसन अशा संशोधकांनी मुळावरच घाव घातला. जर्मेनियमच इतके शुद्ध करायचे, की लिथियमची गरजच उरू नये. हे डिटेक्टरही मोजणीच्या वेळी थंड ठेवावे लागतात, पण मधे गरम झाले म्हणून निकामी होत नाहीत.

आधी जर्मेनियमच्या कांबीचा एक अरुंद पट्टाच वितळवून तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुन्हा पुन्हा सरकवतात. घाण वितळलेल्या भागाबरोबर वाहत टोकाला जाते आणि ते टोक कापून टाकतात. मग उरलेल्या शुद्ध जर्मेनियममधून, हायड्रोजनच्या वातावरणात, क्वार्ट्झच्या मुशीतून चोख्राल्स्की पद्धतीने स्फटिक ओढतात. अशा स्फटिकात परक्या अणूंचे प्रमाण सुमारे चार लाख कोटी अणूंमागे एक इतके उतरलेले असते. वीसेक मालगाड्या भरतील एवढ्या तांदळात एक खडा, असा हा हिशेब आहे. गंमत अशी, की इतका शुद्ध स्फटिक रचनेने मात्र अगदी निर्दोष असून चालत नाही. अणूंच्या रांगांत थोडे दोष ठेवावे लागतात. ते अजिबात नसले, तर स्फटिकातल्या रिकाम्या जागा हायड्रोजनशी जोडी जमवून इलेक्ट्रॉनच्या वाटेत खड्डे करून ठेवतात. म्हणजे स्फटिक ओढणाऱ्याला दोषही मोजूनमापून वाढवावे लागतात.

सिलिकॉनची गोष्ट थोडी निराळी आहे. मुशीतून ओढलेल्या सिलिकॉनमध्ये क्वार्ट्झमधला ऑक्सिजन उतरतो, म्हणून डिटेक्टरसाठी लागणारे अतिशुद्ध सिलिकॉन बहुधा मुशीला स्पर्शच न करता, वितळलेला पट्टा अधांतरी ठेवून वाढवतात. जर्मेनियममध्ये मात्र चोख्राल्स्की यांना पर्याय निघालेला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणाने कळेल. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि युरोपभर दूध, भाजी, माती यांची तपासणी सुरू झाली. अपघातातून आलेल्या सीझियम-१३४ चा एक गॅमा किरण ६०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. जमिनीत निसर्गतःच असणाऱ्या बिस्मथ-२१४ चा असतो ६०९ चा. एक अपघाताची खूण, दुसरी पृथ्वीइतकी जुनी आणि दोहोंत अंतर चारपाच एककांचे. सोडियम आयोडाइडच्या जुन्या डिटेक्टरमध्ये या भागातली रेषा चाळीस-पंचेचाळीस एकके पसरते, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. जर्मेनियममध्ये ती दीडदोन एककांत मावते आणि दोन्ही वेगवेगळ्या उभ्या दिसतात. मुलाला दूध द्यायचे की ओतून टाकायचे, याचे उत्तर या बारकाव्यावर अवलंबून असते.

रुग्णालयातही हीच पद्धत वेगळ्या वाटेने पोहोचली आहे. पेट स्कॅनमध्ये रुग्णाला किरणोत्सर्गी साखरेसारखे द्रव्य टोचतात. शरीरातून विरुद्ध दिशांना निघणारे गॅमा किरण भोवतीच्या कड्यातले स्फटिक टिपतात. हे स्फटिक अर्धवाहक नसतात. गॅमा किरण आदळला की ते क्षणभर लुकलुकतात. पण त्यांतले ल्युटेशियमयुक्त स्फटिक दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला, इरिडियम या महागड्या धातूच्या मुशीतून असेच ओढले जातात. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही डिटेक्टरसाठी लागणारे स्फटिक चोख्राल्स्की पद्धतीने वाढवतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कणाचा माग काढणाऱ्या सीएमएस या प्रयोगात शिशाच्या टंगस्टेटचे ७५ हजारांवर स्फटिक बसवले आहेत. त्यांतले बहुसंख्य रशियात याच पद्धतीने वाढवलेले आहेत.

पोलंडमध्ये चोख्राल्स्की यांच्याविषयी उघडपणे बोलायला राजवट बदलण्याच्या आसपासची वर्षे उजाडावी लागली. स्फटिकशास्त्रज्ञ पावेल टोमाशेव्हस्की यांनी चिकाटीने कागदपत्रे आणि आठवणी गोळा करून त्यांचे चरित्र उभे केले. क्त्सिन्याच्या थडग्यावर १९९८ मध्ये नाव कोरले गेले. तरीही विद्यापीठाच्या सिनेटने जुना ठराव मागे घ्यायला नकार दिला होता, कारण आरोप सिद्ध झाला नव्हता तसा खोडलाही गेला नव्हता. मग पुराभिलेखागारातून युद्धकाळातले कागद हाती आले. चोख्राल्स्की भूमिगत सेनेच्या गुप्तवार्ता विभागाला मदत करीत होते, असे त्यांवरून दिसले. २९ जून २०११ रोजी वॉर्सॉ तंत्र विद्यापीठाच्या सिनेटने त्यांना निर्दोष ठरवले आणि पोलंडच्या संसदेने २०१३ हे वर्ष त्यांच्या नावाने साजरे केले. १९४५ च्या ठरावापासून २०११ च्या ठरावापर्यंत सहासष्ट वर्षे गेली होती. त्यांतली पहिली आठ वर्षे त्यांनी स्वतः क्त्सिन्यात काढली.